काकूच्या कासवाचे ठिपके

चैत्र सरत आला की आमच्या दुकानाला गाळाचा वास येऊ लागतो. आम्ही जळगावात पाइप, पाणबुडी मोटारी आणि ठिबकच्या नळ्या विकतो. वर्षभर इथे प्लॅस्टिकचा आणि ग्रीसचा वास असतो. पण या दिवसांत शेतकरी विहिरी उपसायला घेतात, तळात रुतलेल्या मोटारी वर काढतात आणि चिखलासकट टेम्पोत टाकून दुरुस्तीला आणतात. काळा, थंड, थोडा लोखंडासारखा वास. कामावरचे लोक नाक मुरडतात. मी फरशी पुसून घेते, पावती फाडते, मोटार कधी मिळेल ते सांगते. वासात रमायला मला वेळ नसतो. तरी दिवसातून एकदा कुठल्या तरी मोटारीवरचा ओला गाळ बोटाला लागतो आणि बोट आपोआप नाकाकडे जातं.

यंदा मोटारीबरोबर एक बादलीही आली. आणणारा गिरीश, आमच्या गावचा. आमच्या मळ्याला लागून ज्या नानांचा मळा होता, त्यांचा नातू. आता तोच शेती बघतो. बादलीवर ओलं गोणपाट होतं.

"ताई, आजोबांची विहीर बुजवतोय. रस्ता रुंद होतोय, त्यात गेली. शेवटचा गाळ काढला तर हे निघालं."

गोणपाट बाजूला केलं. चिखलाचा एक गोळा होता. त्या गोळ्याला नाक होतं.

"वन खात्याला कळव. कासव घरी ठेवणं गुन्हा आहे," मी म्हटलं.

"कळवलंय. माणूस दुपारनंतर येतो म्हणाला. तोवर कुठे ठेवू? टेम्पोत उन्हानं मरेल."

दुकानाच्या मागे मोटारी तपासायची सिमेंटची टाकी आहे. मोटार त्यात बुडवायची, चालू करायची, पाणी किती जोरात फेकते ते बघायचं. त्या टाकीत आम्ही कासव सोडलं. चिखलाचा ढग पसरला, कासव तळाशी गेलं. गिरीश चहा घेऊन बाजारात निघाला आणि दारातून वळून म्हणाला, "ताई, तुमच्या काकूचं कासव आमच्या विहिरीत होतं ना? आजोबा सांगायचे. हे तेच असेल का?"

मी म्हटलं, "बघते."

गिऱ्हाईक उभं होतं. त्याला अडीच इंची पाइप हवा होता. मी पाइप मोजून दिला. पण त्यानंतर दिवसभर मी त्या टाकीपाशी ये-जा करत राहिले.

आमचं गाव यावलच्या अलीकडे. उत्तरेला सातपुडा, खाली सगळी केळी. केळीला पाणी लागतं आणि पाणी विहिरीत असतं, म्हणून आमच्याकडे घरापेक्षा विहिरीची काळजी जास्त. घराचं छप्पर गळलं तर पुढच्या वर्षी बघू म्हणायचे. विहिरीचा एक दगड सरकला की त्याच दिवशी गवंडी. नवीन विहिरीला पाणी लागलं की तिच्यात कासव सोडायचं ही पद्धत. कासव किडे खातं, मेलेलं बेडूक खातं, पाणी नितळ राहतं. हे झालं कारण. त्याच्या वर विश्वास होता की कासव आहे तोवर झरा आटत नाही. आमच्या घरात याला आणखी एक शेपूट होतं. नव्या विहिरीचं कासव घरात शेवटी आलेल्या सुनेच्या माहेरच्या विहिरीतून यायचं. मुलगी दिली तिथं पाणीही यावं, असा काहीतरी हिशेब असावा.

मंदाकाकू ही माझ्या धाकट्या काकाची बायको. तिचं माहेर तिकडे धुळ्याकडे, सोनगीरजवळ. त्यांच्या शेतातून किल्ला दिसायचा आणि आग्रा रोडवरचे ट्रक ऐकू यायचे. काकू लग्न होऊन आली तेव्हा मी लहान होते. मला आठवतं ते तिचं गोंदण. हनुवटीवर हिरवा ठिपका आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिपक्यांच्या वेली. आमच्या आईच्या हातावर नुसतं एक फूल होतं, तेही धड नाही. काकू भाकरी थापायला बसली की ते ठिपके वरखाली पळायचे आणि मी समोर बसून बघत राहायचे. ती अहिराणी बोलायची. आमच्याकडची बोली वेगळी, त्यामुळे तिच्या प्रत्येक 'शे'ला, म्हणजे आमच्या 'आहे'ला, घरात कोणीतरी हसायचं. काका स्वतःच तिची नक्कल करायचा. ती चिडत नसे. म्हणायची, "हसा, हसा. तुमना गावमा बठ्ठा लोके हसतस तवढंच काम करतस." म्हणजे तुमच्या गावात सगळ्यांना हसण्यापलीकडे काम नाही.

तिच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी काकाच्या वाट्याच्या शेतात नवी विहीर खोदली. पाणी लागलं आणि काकूचा भाऊ कासव घेऊन आला. शिरपूर, चोपडा, यावल अशा एसटी बदलत, ओल्या गोणीत गुंडाळून, मांडीवर. कंडक्टरशी झालेलं बोलणं तो ओसरीवर बसून रंगवून सांगत होता.

"कंडक्टर बोलना, पोतामा काय हालस? म्हटलं, कासव शे. तो बोलना, तिकीट? म्हटलं, भाऊ, त्याना पाय बठ्ठा मझार शेतस, त्याले जागा कोठे लागस?"

पाय सगळे आत, मग त्याला जागा कुठे लागते, हे ऐकून सगळे हसले. सगळ्यात जास्त काकू हसली, कारण त्या दिवशी ओसरीवर तिच्यासारखं बोलणारं आणखी एक माणूस होतं.

गोणीतून निघालेलं कासव बघायला शेजारचे मळेवालेही जमले. आमच्याकडचं जुन्या विहिरीतलं कासव साधं होतं, भिजलेल्या चिंचोक्यासारखं तपकिरी, पाठीवर काही नाही. हे तसं नव्हतं. याच्या पाठीवर पिवळे ठिपके होते. कुणी मूठभर तुरीची डाळ वरून शिंपडावी तसे. कडेला दाट, मध्ये विरळ. काकूनं त्याला हातावर घेतलं तेव्हा कासवाचे ठिपके आणि गोंदणाचे ठिपके जवळजवळ आले. मला तेव्हा वाटलं, तिच्या गावाला सगळ्यांनाच ठिपके असतात.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. माझी सातवीची परीक्षा संपली होती. आधीचा पावसाळा कोरडा गेला होता. आमची जुनी विहीर, काकाची नवी विहीर आणि नानांची विहीर, तिन्ही एकाच वेळी तळाला गेल्या आणि तिन्ही एकाच वेळी उपसायला काढल्या. गाळाची टोपली वर ओढायच्या यारीचा खांब आमच्याकडून काकाकडे, काकाकडून नानांकडे फिरायचा. दिवसभर टोपली वर येत, गाळ बांधावर ओतला जाई. उन्हात तो गाळ पापड वाळावेत तसा तडकायचा आणि आम्ही त्यावरून अनवाणी चालायचो. पहाटेपासून पहारीचा आवाज. दुपारी कैरीचं पन्हं. केळीची खोडं उन्हानं वाकलेली, त्यांच्या पानांच्या चिरफळ्या. आणि सगळ्या शिवारात तो वास.

तिन्ही विहिरींची कासवं आमच्या हौदात ठेवली, कारण पाणी फक्त आमच्या हौदात होतं. तिथे टँकर रिकामा व्हायचा. ही जुनी रीत होती. उपसा झाला, पाणी भरलं की ज्याचं त्यानं आपलं घेऊन जायचं. आजवर त्यात कधी गडबड झाली नव्हती. कारण तिन्ही विहिरी एकाच वर्षी कधी उपसल्या नव्हत्या आणि कासवं कधी कोणी धुतली नव्हती.

धुवायचा हुकूम आईचा. "त्या हौदाचं पाणी गुरं पितात. ही शेवाळं लागलेली भांडी त्यात नकोत. घासून टाका." आईच्या दृष्टीनं घासता येण्यासारखी प्रत्येक गोष्ट भांडं होती.

काकू आणि मी राख आणि जुन्या धोतराचा बोळा घेऊन बसलो. या कासवांची पाठ कडक कवचासारखी नसते, ओल्या चामड्यासारखी गुळगुळीत असते. पोटाखाली झाकणं असतात. मागचे पाय आत ओढले की ती झाकणं मिटतात, पेटीचं दार लावावं तशी. हळू घासावं लागतं. शेवाळ गेलं आणि तिघांच्या पाठी निघाल्या. आमचं साधं तपकिरी. नानांचं करड्या रंगाचं, त्यावर चहा सांडून पुसल्यासारखे फिकट डाग. आणि काकूचं ठिपकेदार. ठिपके आधीपेक्षा थोडे फिकट वाटले, पण होते. काकू त्यांच्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "देख शोभा, मना बापनी इहीरना रंग शे हाई." म्हणजे माझ्या बापाच्या विहिरीचा रंग.

मला आत्ता कळतं की तो विहिरीचा रंग नव्हता. कासवांमध्ये हे असं असतंच. उत्तरेकडे ठिपक्यांची जास्त, दक्षिणेकडे साधी, आणि आमच्यासारख्या मधल्या मुलखात दोन्ही, असं मी नंतर वाचलं. एकाच नदीच्या दोन कासवांच्या पाठी सारख्या नसतात. लहानपणी नक्षी गडद असते, वय वाढतं तशी ती विरते. पण तेव्हा मी सातवीतली मुलगी होते आणि काकूच्या बापाच्या विहिरीवर माझा पूर्ण विश्वास होता.

त्याच आठवड्यात काकूचा बाप गेला. काका तिला घेऊन सोनगीरला गेला.

ती तिकडे असताना आमच्या आणि नानांच्या विहिरीला पाणी आलं. काकाच्या विहिरीला आलं नाही. नाना बादली घेऊन हौदावर आले. नाना म्हणजे पांढऱ्या मिशा, डोक्यावर टोपी, आवाज असा की दोन मळ्यांपलीकडचा बैल थांबावा. त्यांनी हौदात वाकून बघितलं आणि गोंधळले. त्यांचं कासव ते आजवर 'हिरवं' म्हणून ओळखत होते. आता हौदात हिरवं कोणीच नव्हतं.

त्यांनी ठिपक्यांचं उचललं.

आई पदर सावरून भिंतीआड झाली आणि मला ढकललं. मी म्हटलं, "नाना, ते काकूचं आहे. तुमचं ते करडं."

"काकूचं?" नानांनी कासव उलटसुलट केलं. "नाव घातलंय काय पाठीवर?"

"ठिपके आहेत ना."

"ठिपके घासल्यानं निघाले, पोरी. आमच्या कासवाला आजवर कोणी घासलंच नव्हतं, म्हणून दिसले नाहीत. आणि असं लक्ष्मीचं कासव माह्या विहिरीचं नाही, तर कोणाचं?" ते हसले आणि गेले. ते चोरी करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटलं. चांगली वस्तू दिसली की ती आपली असणार, असं वाटणारी माणसं असतात. त्यात वाईटपणा नसतो, पण समोरच्याचा इलाज खुंटतो.

त्यांच्या विहिरीत कासव पडलं आणि पाणी आणखी चढलं. मग गावभर झालं की काकूच्या माहेरच्या कासवानं झरा तिकडे नेला.

काकू परत आली ती पिशवी ओट्यावर ठेवून थेट हौदावर गेली. हौदात एकटं करडं कासव होतं. आईनं तिला सगळं सांगितलं. काकू आत गेली. हात धुतले, चुलीशी बसली, सगळ्यांच्या भाकऱ्या केल्या. जेवताना काकानं आईला हळूच सांगितलं, की काकूच्या भावांनी रस्त्यालगतचं शेत विकायचं ठरवलं आहे. घेणारा तिथे ढाबा टाकणार आहे. विहीर बुजवणार.

म्हणजे आता तिच्या बापाच्या विहिरीचं जे काही उरलं होतं, ते नानांच्या विहिरीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती नानांच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली. मी बरोबर होते.

"नाना, मनं कासव द्या."

"कासव ते कासव, बाई. आमचं करडं तुम्ही ठेवा. फिटंफाट."

"ते मना माहेरनं शे."

नाना म्हणाले, "ते आता या पाण्याला लाभलंय. काढलं आणि पाणी गेलं, तर माही केळी कोण पाजणार?"

आमच्या घरातल्या पुरुषांनाही मनातून हेच पटत होतं. केळी म्हटली की आमच्याकडे पुढचं बोलणं थांबतं.

मग काकू रोज दुपारी नानांच्या विहिरीवर जाऊ लागली. भांडायला नाही. कठड्याला टेकून खाली बघायला. खोल विहिरीत ऊन तळापर्यंत फक्त भर दुपारी पोचतं, तेही थोडा वेळ. त्या वेळात कासव वर आलं तर पाठ दिसायची आशा. एरवी कासव श्वास घ्यायला येतं तेव्हा फक्त नाकाचं टोक दिसतं, शर्टाच्या गुंडीएवढं. पाठ काळोखात राहते. ती भाकरीचे तुकडे टाकायची आणि वाट बघायची.

आता बघा, आमच्याकडे बाप गेलेली, मूलबाळ नसलेली, विहीर कोरडी पडलेल्या घरची बाई रोज भर उन्हात एकटी दुसऱ्याच्या विहिरीत वाकून बघते, म्हटल्यावर लोक एकच अर्थ काढणार. कासव कोणाच्याच डोक्यात आलं नाही. नानांच्या घरच्या बायका दारातून ओरडायच्या, "सरक वं बाई मागं!" दळणाच्या गिरणीवर बायका आईला बाजूला घेऊन कुजबुजायच्या. आई घाबरली. आई घाबरली की रागावते. मला म्हणाली, "शोभे, आजपासून तिच्याबरोबर जायचं. तिचा पदर हातात धरायचा. सोडायचा नाही."

त्या उन्हाळ्याचं माझ्याजवळ जे काही आहे ते हेच आहे. तापलेला दगडी कठडा, खाली पोतं घालून बसलेल्या आम्ही दोघी, माझ्या मुठीत तिच्या हिरव्या लुगड्याचा पदर, घामानं ओला. खालून येणारी गार हवा तोंडावर, वरून ऊन पाठीवर. कपारीत पारवे घुमायचे. काकू मला तिच्या गावचं सांगायची. किल्ल्यावर चढून बोरं खायची ते, ट्रक मोजायचे ते, बाप मोट हाकताना गायचा ते. मी ऐकायचे, पण लक्ष मुठीकडे. ती जरा पुढे वाकली की मी पदर ओढायचे.

एकदा तिनं विचारलं, "पोरी, तू कसाले ओढस?"

मी मूठ आणखी आवळली.

"तुले काय वाटस, मी उडी मारसू?"

मी मान खाली घातली. काकू इतक्या मोठ्यानं हसली की पारवे उडाले. आणि म्हणाली, "जीव देवाना ऱ्हाता ते आपली इहीरमा देती व माय. पन तठे पानी कोठे शे?"

हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बराच वेळ थांबलं नाही. मी पदर सोडून तिचा हात धरला. गोंदणाचे ठिपके बोटाला लागतात का ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. लागत नाहीत. कातडीच्या आत असतात.

शेवटी कंटाळले नाना. कंटाळले म्हणण्यापेक्षा धास्तावले. आपल्या विहिरीत कोणी जीव दिला, तर त्या पाण्याला पुढे कोणी तोंड लावत नाही, मजूरही उतरत नाहीत. कासव गेलं तर पाणी जाईल ही एक भीती, काकू गेली तर विहीर बाटेल ही दुसरी. दुसरी मोठी ठरली. ते आमच्या ओसरीवर आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "काढतो बाप्पा तिचं कासव. पण तिला सांगा, माह्या विहिरीचा नाद सोड."

सकाळी मोटार लावून पाणी खाली नेलं. उपशाचा एक मजूर दोरावरून टोपलं घेऊन उतरला. कठड्याभोवती अर्धं गाव. खालून तो ओरडला, "भेटलं!" आणि टोपलं हेलकावे खात वर आलं.

काकूनं कासव मांडीवर घेतलं. पदराच्या टोकानं त्याची पाठ पुसली. ठिपके होते. तिनं पदर पुन्हा ओला केला, पुन्हा पुसलं. कासवानं मान बाहेर काढून इकडेतिकडे बघितलं.

मग तिनं काकाकडे बघून विचारलं, "आपली इहीरले?"

काकानं मान हलवली. पाणी नव्हतं. तळात चिखलसुद्धा वाळला होता.

काकूनं कासव परत टोपल्यात ठेवलं. त्याच्यावर ओलं फडकं टाकलं आणि मजुराला हात केला, सोड खाली.

नाना गडबडले. "आता काय झालं? तेच हाये ना? तुहंच हाये ना?"

"मनंच शे," काकू खाली विहिरीकडे बोट दाखवत म्हणाली. "पन आठे पानी शे. ऱ्हाऊ द्या. मी देखाले येसू, नाना. उडी मारनार नही."

गर्दीत कोणीतरी हसलं. नाना हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. पुढे ते असेपर्यंत काकूला त्यांच्या विहिरीवर कोणी कधी अडवलं नाही. उलट ती दिसली की घरातून भाकरीचा तुकडा बाहेर यायचा.

पण ती फार दिवस जाऊ शकली नाही. काकाच्या विहिरीला नंतर दोन बाजूंनी आडवे बोअर मारले, तरी पाणी लागलं नाही. एका वर्षानं काका आणि काकू सुरतेला गेले. खानदेशातली कितीतरी घरं तशी गेली. काका तिथे कापडाच्या मागावर कामाला लागला. तिला तिथे मुलगा झाला. लग्नकार्यात भेटायची, बांगड्या भरलेले हात पुढे करून माझे गाल कुस्करायची आणि पहिला प्रश्न हाच विचारायची, "देखं का?" मी म्हणायचे, नाक दिसलं. तेवढ्यावर तिचं भागायचं. पुढे माझं लग्न झालं, दुकान झालं, गावी जाणं दिवाळीपुरतं उरलं आणि मग तेही नाही. मी कितीतरी शेतकऱ्यांना विहिरीत उतरवायच्या मोटारी विकल्या, पण मी स्वतः विहिरीत वाकून शेवटचं कधी बघितलं ते आठवत नाही. आता बहुतेकांकडे बोअर आहे. बोअरमध्ये वाकून बघता येत नाही. सहा इंचांचं भोक, वर झाकण. त्यात कासव मावत नाही. पाणी येतं, स्वच्छ येतं, माझं काहीही म्हणणं नाही. माझं घर त्यावरच चालतं. फक्त चैत्रात कधीतरी दुपारी शटर अर्धं ओढून बसले की तोंडावर खालून गार हवा यावी असं वाटतं. पंख्याची हवा तशी नसते.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा मी बाह्या वर करून टाकीपाशी बसले. कासव बाहेर काढलं, नळाखाली धरलं. जड होतं. आमच्या हौदातली कासवं ताटलीएवढी होती, हे परातीच्या जवळ आलं होतं. मऊ फडक्यानं हळूहळू पुसलं. मागच्या पायांची झाकणं त्यानं मिटून घेतली. चिखल गेला, शेवाळ गेलं, आणि पाठ निघाली. मातकट, एकसारखी, साधी. कडेनं बघितलं. उजेडाकडे तिरपी धरून बघितली. काही नाही.

मी हात पुसले आणि सुरतेला फोन लावला. काकू आता सत्तरीच्या जवळ आहे, गुडघे दुखतात, पण कान शाबूत आहेत. नानांच्या विहिरीचं सांगितलं. गिरीशनं काय आणलंय ते सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"ठिपका शेतस का?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. दुकान चालवते, गरजेपुरतं येतं. पण तिच्याशी बोलताना जमेना.

"नाहीत, काकू. सगळीकडे बघितलं. वय झालं की जातात म्हणे. किंवा हे दुसरंच असेल."

टाकीत कासव वर आलं, नाकाचं टोक पाण्याबाहेर काढलं, श्वास घेतला आणि खाली गेलं.

"मनं गोंदनबी पुसी गयं व पोरी," काकू म्हणाली. "सूनले दाखाडं, तिले काहीच दिसनं नही. तेच व्हई ते."

मी म्हटलं, "असेल."

"कोठे सोडतीन त्याले?"

"वन खात्याचा माणूस नेतोय. तापीच्या फुगवट्यात सोडणार आहेत."

"तठे पानी शे ना? वैशाखमाबी?"

बाहेर गिरीशचा टेम्पो लागला. त्याच्यामागे खाकी कपड्यातला एक माणूस मोटारसायकल उभी करत होता. मी फोन कानाशी धरूनच त्याला हातानं आत बोलावलं आणि विचारलं, "साहेब, जिथे सोडणार तिथे उन्हाळ्यात पाणी टिकतं का?"

तो म्हणाला, "टिकतं ना, मॅडम. धरणाचं पाणी आहे. बाराही महिने."

"शे, काकू," मी म्हटलं. "पानी शे."